तेराव्याला कोण येणार?

‘ताई, मी नाशिकच्या सिडकोत राहतो, वय ३६, अंबडच्या एका कारखान्यात मेंटेनन्सला आहे. देव मानत नाही. आईला हे पटत नाही, पण ती भांडत नाही. तीन वर्षांपूर्वी आम्ही मित्रांनी एक कट्टा सुरू केला. दर रविवारी सकाळी अकराला मिसळीच्या हॉटेलात जमायचं, वाचलेलं-ऐकलेलं बोलायचं. सुरुवातीला वीस-पंचवीस जण यायचे, त्यात चार बायकाही होत्या. आता सहा-सात उरलोत, बाई एकही नाही. गप्पा त्याच त्या, कुठला बाबा कसा पकडला. मध्यंतरी एकाचे वडील वारले, तर आम्ही ग्रुपवर ‘विनम्र अभिवादन’ टाकलं आणि झालं. तोही आता येत नाही.

सिंहस्थ तोंडावर आलाय म्हणून आमच्या भागातल्या एका निवृत्त मुख्याध्यापकांनी सर्वधर्म संवादाची बैठक ठरवली आहे. कीर्तनकार, मौलाना, फादर, भंतेजी, गुरुद्वाऱ्यातले ग्यानीजी असे सगळे येणार. सर मला म्हणाले, न मानणाऱ्यांपैकीही कोणीतरी हवं, तुम्ही या. कट्ट्यावर सांगितलं तर एक जण म्हणाला, ‘पुढच्या रविवारी टिळा लावून येशील.’ आई मात्र म्हणाली, ‘बरं झालं, माणसांत बसशील.’ मी जावं का? आणि कट्टा वाचेल का?’

*

तुमचं पत्र मी एकदा वाचलं आणि त्यातली एक ओळ चारदा. ‘विनम्र अभिवादन टाकलं आणि झालं.’ तुम्ही ती जाता जाता लिहिली आहे, पण कट्टा का ओसरला याचं उत्तर मला तिथेच दिसतं. बैठकीचं नंतर बघू. आधी त्या मित्राकडे जा. फोन नको, घरी जा. कितीही महिने झाले असले तरी चालेल. ‘तेव्हा आलो नाही, चुकलं,’ एवढं म्हणा आणि चहा होईपर्यंत बसा.

हे ठासून सांगतेय, कारण त्या मित्राच्या जागी मी बसलेली आहे. माझे वडील शाळामास्तर. घरात देव्हारा नव्हता. आईनं एक बोटभर गणपती डाळीच्या डब्यामागे ठेवला होता. तो तिथे आहे हे वडिलांना माहीत होतं आणि त्यांना माहीत आहे हे आईला माहीत होतं. देहदानाचा फॉर्म त्यांनी निवृत्त झाल्या झाल्या भरलेला. गेले पहाटे साडेतीनला, घरीच. फॉर्म कपाटात, कार्ड पाकिटात, आणि पुढे काय करायचं ते आमच्यापैकी एकालाही ठाऊक नाही. मृत्यूचा दाखला द्यायला डॉक्टर हवा, तो सातपर्यंत फोन उचलेना. मेडिकल कॉलेजातून सांगितलं, दाखला आणि वारसांची संमती तयार ठेवा. धाकटे काका दारात उभे राहून म्हणाले, ‘दादाला अग्नी मिळाला नाही तर मी या घराची पायरी चढणार नाही.’ दुपारी एकला गाडी गेली. काका त्यानंतर खरोखरच आले नाहीत.

वडिलांचे विचारांचे मित्र साडेदहाला येऊन गेले होते. सात-आठ जण. रांगेत उभे राहिले, एक जण ‘सर विचारांनी आपल्यात आहेत’ असं बोलला, दोन मिनिटं शांतता, साडेअकराला निघाले. भली माणसं होती, वडिलांवर जीव होता त्यांचा. पण दुसऱ्या दिवशी कोणी आलं नाही, कारण दुसऱ्या दिवशी यायचं असतं असं त्यांच्यात कधी ठरलेलंच नव्हतं.

आल्या त्या समोरच्या काकू. गळ्यात माळ, पंढरीची वारी, वडिलांशी पंचवीस वर्षांचा वाद. हातात दोन पुडांचा स्टीलचा डबा, झाकणावर ठिपक्याठिपक्यांनी त्यांच्या सासूचं नाव घातलेलं. खाली भात, वर पिठलं. दहा दिवस, रोज संध्याकाळी सातला. अकराव्या दिवशी त्यांनी आईला विचारलं, ‘तेराव्याला काय करणार?’ आई म्हणाली, ‘ह्यांना चालायचं नाही.’ काकू म्हणाल्या, ‘त्यांचं राहू दे. तुला गोड घास कोण भरवणार?’ तेराव्याला त्यांनी आमच्याच स्वयंपाकघरात शिरा केला. भटजी नाही, मंत्र नाही. वडील असते तर त्या शिऱ्यावरून वाद घातला असता आणि दोनदा वाढून घेतला असता. दुसऱ्या दिवशी आईनं आपल्या हातानं कुकर लावला आणि काकूंचा डबा साखर घालून परत पाठवला.

तुमच्या कट्ट्याला मी एवढंच विचारीन: तुमच्यातला कोणी गेला तर पहाटे साडेतीनला कोणाला फोन करायचा? दहा दिवस डबा कोण आणणार? तेराव्याला कोण येणार?

याची उत्तरं जोवर नाहीत तोवर तो मिसळीचा ग्रुप आहे. मिसळ चांगली असेल, माझी तक्रार नाही. पण माणसं वर्षानुवर्षं धरून राहतात ती अडीनडीला धावून येणाऱ्यांना. देव नाही हे एकदा पटलं की ते दर रविवारी नव्यानं पटवून घ्यायला कोण येईल?

तर पुढचे दोन-तीन रविवार पुस्तक बाजूला ठेवा आणि कामं वाटा. देहदानाची माहिती एकानं नीट काढून ठेवायची. नुसता फॉर्म भरून भागत नाही. माणूस गेल्यावर देह सुपूर्द करायचा तो वारसांनी, आणि ते अडून बसले तर इच्छापत्र कपाटातच राहतं. म्हणून ज्यानं फॉर्म भरलाय त्यानं घरच्यांशी जिवंतपणी बोलायचं, आणि सोबतीला कट्ट्यातला एक जण न्यायचा. नेत्रदान सहा तासांच्या आत व्हावं लागतं. तोवर पंखा बंद, डोळे मिटून वर ओला कापूस, डोक्याखाली उशी. असल्या बारीक गोष्टी त्या वेळी कोणाला सुचत नाहीत. दुसऱ्यानं रक्तगट आणि दवाखान्यातल्या रात्रपाळ्या बघायच्या. तिसऱ्यानं लग्नाचं बघायचं. विशेष विवाह कायदा १९५४ चा आहे, पण नोटीस तीस दिवस आधी द्यावी लागते आणि तीन साक्षीदार लागतात, हे मुलं-मुली आयत्या वेळी विचारत फिरतात. तुमच्यासारख्यांनीच साक्षीला उभं राहायचं असतं.

आपल्याकडे हे नवं नाही. जोतीरावांनी सत्यशोधक समाज काढला २४ सप्टेंबर १८७३ ला, आणि भटजीशिवाय पहिलं लग्न लागलं २५ डिसेंबरला, त्याच वर्षी. तीन महिने! नाव घेतलं सत्यशोधनाचं आणि लगेच मांडव घातला. तुमच्या कट्ट्याला तीन वर्षं झाली. (टोमणा समजा हवा तर.)

उलट्या बाजूचंही एक उदाहरण देते. लंडनमध्ये जानेवारी २०१३ मध्ये दोन विनोदवीरांनी ‘संडे असेम्ब्ली’ सुरू केली. देवाविना रविवारची सभा: सगळ्यांनी मिळून गाणं, एक व्याख्यान, चहा-केक. कल्पना झकास होती, बघता बघता गावोगावी शाखा निघाल्या, आणि काही वर्षांत त्यातल्या बऱ्याच थंडावल्या. मला वाटतं, गाणं आणि केक याला माणसं हौसेनं येतात. पण खुर्च्या कोण लावणार, हॉलचं भाडं कोण भरणार, हे दर आठवड्याला नव्यानं विचारावं लागलं की हौस फिटते.

भाड्यावरून आठवलं. तुमच्या सिडकोतून जो पांडवलेण्यांचा डोंगर दिसतो, तिथे दहाव्या लेण्यात उषवदाताचा शिलालेख आहे. नहपान या क्षत्रप राजाचा हा जावई, काळ साधारण एकोणीसशे वर्षांपूर्वीचा. देवा-ब्राह्मणांना सोळा गावं दिली, वर्षभर लाख ब्राह्मणांना जेवण घातलं, असं तो अभिमानानं सांगतो आणि त्याच लेखात बौद्ध भिक्खूंना लेणं अर्पण करतो. आपण असल्या गोष्टी वाचून ‘वा, काय सहिष्णुता’ म्हणतो आणि पुढे जातो. मला त्यातला हिशेब आवडतो. त्यानं गोवर्धनातल्या विणकरांच्या श्रेणींकडे, म्हणजे त्यांच्या संघांकडे, तीन हजार कार्षापण (तेव्हाची नाणी) कायमचे ठेव ठेवले. त्यातल्या दोन हजारांवर महिना शेकडा एक व्याज. म्हणजे वर्षाचे दोनशे चाळीस. वीस भिक्खूंना कपड्यासाठी प्रत्येकी बारा. मूळ रकमेला हात लावायचा नाही, हेही कोरून ठेवलंय. लेणं खोदणारे पुष्कळ होते, पण पावसाळ्यात भिक्खूंच्या अंगावर काय असेल याची तजवीज ह्यानं केली. तुम्हीही महिन्याला माणशी शंभर रुपये काढा आणि ते मिसळीला वापरू नका.

बायका का येईनाशा झाल्या, हे तुम्ही मला विचारलेलं नाही, त्यांनाही विचारलेलं दिसत नाही. रविवारी सकाळी अकरा म्हणजे घरात काय वेळ असते? नाश्ता आवरून जेवणाची तयारी. तुम्ही हॉटेलात स्वातंत्र्यावर बोलताय आणि तुमचं जेवण घरी शिजतंय. वेळ बदला, जागा बदला, मुलांना आणू द्या. दुसरं, हसण्याचे विषय तपासा. बाबाला हसणं वेगळं आणि एखाद्याच्या बायकोच्या वटपौर्णिमेला हसणं वेगळं. डॉ. दाभोलकरांनी १९८९ मध्ये अंधश्रद्धा निर्मूलन समिती उभी केली. त्यांची भूमिका अशी की देवाधर्माला विरोध नाही, त्याच्या नावावर होणाऱ्या शोषणाला आहे. मनातून पूर्ण नास्तिक असलेल्यांनीही त्या कामात आस्तिकांच्या खांद्याला खांदा लावला आहे. तुम्ही अंनिससारखंच करा असं नाही. पण तुमच्या कट्ट्यावर माळकरी माणूस येऊन बसला तर त्याला अवघडल्यासारखं होईल का, एवढं बघा.

आणि गा. तुम्हाला विचित्र वाटेल, पण मी गंभीरपणे सांगतेय. तुकोबा गायला विठ्ठल मानावाच लागतो असं नाही. गाडगेबाबांचं कीर्तन आठवा: देवाचं नाव घेता घेता लोकांना उलट प्रश्न विचारायचे, आणि कीर्तन संपलं की झाडू. धर्मशाळा त्यांनी पंढरपूर, आळंदी, आपलं नाशिक अशा क्षेत्रांच्या गावीच बांधल्या, कारण गरजू माणूस तिथेच सापडायचा.

आता बैठकीचं. जा. टिळ्याचा टोमणा विसरा. (तसा कोणी लावलाच तर घरी येऊन पुसता येतो.) फक्त ‘नास्तिकांचा प्रतिनिधी’ म्हणून जाऊ नका, तुम्हाला कोणी निवडून दिलेलं नाही. ‘मी देव मानत नाही, सिडकोत राहतो, अंबडला कामाला आहे’ अशी ओळख करून द्या. न मानणं लपवूही नका. सर्वांना बरं वाटावं म्हणून ‘शेवटी कुठली तरी शक्ती आहेच’ असं म्हणालात तर घरी आल्यावर स्वतःलाच तोंड दाखवता येणार नाही.

अशा बैठका मी बऱ्याच पाहिल्यात. शाल, श्रीफळ, प्रत्येकाचं वीस मिनिटं भाषण, आणि सगळ्यांचा एकच समारोप: सर्व धर्म एकच सांगतात. ते खोटं आहे आणि व्यासपीठावरच्या प्रत्येकाला ते माहीत असतं. ‘ईश्वर एकच’ आणि ‘ईश्वर नाही, दुःख आहे’ या दोन गोष्टी एक कशा? जोतीरावांनी अशी गोळाबेरीज केली नाही. ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक’ त्यांच्या पश्चात १८९१ मध्ये निघालं. त्यात त्यांनी एक कुटुंब कल्पिलं आहे. बाईनं बौद्ध व्हावं, नवऱ्यानं ख्रिस्ती, मुलीनं मुसलमान, मुलानं सत्यधर्मी, आणि सगळ्यांनी एका घरात गोडीनं राहावं. एकानंही दुसऱ्याचा द्वेष करू नये, एवढीच अट. म्हणजे त्या घरात जेवताना वाद झाले असतील, असं मी तरी समजते.

हे प्रत्यक्षातही जमतं. आंध्रातले गोरा (गोपराजू रामचंद्र राव) पक्के नास्तिक, १९४० मध्ये नास्तिक केंद्र काढणारे. गांधीजींकडे सेवाग्रामला गेले ते त्यांना बदलायला नव्हे आणि स्वतः बदलायलाही नव्हे. अस्पृश्यता घालवायचं काम दोघांनाही करायचं होतं. गोरांच्या मुलीचं लग्न एका दलित तरुणाशी सेवाग्रामला लावायचं ठरलं, तेव्हा गांधीजी ‘ईश्वराला स्मरून’ ऐवजी ‘सत्याला स्मरून’ म्हणायला तयार झाले. लग्नाआधीच, जानेवारी १९४८ मध्ये त्यांचा खून झाला. लग्न मार्चमध्ये सेवाग्रामलाच लागलं.

आणि नाशकात बसून दुसरी आठवण विसरून चालणार नाही. २ मार्च १९३० ला काळाराम मंदिराच्या दारांशी अस्पृश्य ठरवलेले जे हजारो लोक बसले, ते माणूस म्हणून आत जाता येतं की नाही हे विचारायला. दार उघडलं नाही. १३ ऑक्टोबर १९३५ ला आपल्याच जिल्ह्यात, येवल्याला, बाबासाहेबांनी हिंदू म्हणून मरणार नाही असं जाहीर केलं. बैठकीत भंतेजी गोड बोलतील; पण त्यांच्या मागे बसलेल्या माणसांच्या घरात ही आठवण जिवंत आहे. ती निघाली तर ‘जुनं उकरू नका’ म्हणणाऱ्यांत तुम्ही नसावं. तुम्हीच पहिल्या दिवशी ती उकरून काढावी असंही नाही. ती ज्यांची आहे ते ठरवतील.

बारीकसारीक विचारलं नाहीत तरी सांगते. प्रार्थना सुरू झाली की उभे राहा, हात जोडायची सक्ती नाही, मोबाइल खिशात. प्रसाद, खजूर, केक, कडाप्रसाद, जे हातावर पडेल ते खा, अन्न आहे. ‘नास्तिकांना नीती कुठून येते’ हा प्रश्न येणारच, त्यावर तत्त्वज्ञान सांगू नका, मागच्या महिन्यात कट्ट्यानं काय केलं ते सांगा. (म्हणून काहीतरी करून मग जा.) शब्दांना अडखळू नका. ऑगस्टात गोदावरी चढली की नाशकातला अट्टल नास्तिकही गंगेवर (म्हणजे गोदाकाठी) जाऊन आलेल्याला विचारतो, ‘दुतोंड्या मारुतीच्या कुठपर्यंत?’ नदीपात्रातल्या त्या मूर्तीवरून आपण पूर मोजतो. पाणी कमरेपर्यंत म्हटलं की आपण काय ते समजतो, गळ्यापर्यंत म्हटलं की सराफ बाजाराची काळजी सुरू होते. मारुती मानायचा की नाही हा प्रश्न तेव्हा कोणाला पडत नाही.

सरांना मात्र एक सुचवून बघा. पहिल्या बैठकीत भाषणं नकोत, गोल बसू आणि सगळ्यांना एकच प्रश्न विचारू: तुमच्यात माणूस गेला की पहिलं जेवण कोण आणतं? ह्यावर कोणी प्रवचन देऊ शकत नाही. मौलाना सांगतील, तीन दिवस शेजारी-पाजाऱ्यांकडून जेवण येतं. भंतेजी जलदान विधीचं सांगतील, ग्यानीजी अंतिम अरदास आणि लंगरचं, फादर घरी होणाऱ्या प्रार्थनेचं. तुमची पाळी आली की खरं ते सांगा, आमच्यात अजून काही ठरलेलं नाही, म्हणून विचारायला आलो.

आईंना बरोबर न्या. रिक्षानं न्या, बसायला खुर्ची बघा. त्या मागच्या रांगेत बसून काही बोलणार नाहीत असं तुम्हाला वाटेल. पण पिठल्याची गोष्ट निघाली की कोणाच्या घरी कोणी काय आणलं, कोण आलं नाही आणि कोणत्या साली, हे सगळं त्यांनाच सर्वांत जास्त माहीत असणार. त्या बोलायला लागल्या की वही काढा.